आईच्या समुद्रातला गाळ

माझी आई समुद्र बनवते. शाळेत ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहिताना मी पहिलंच वाक्य हे लिहिलं, आणि बाईंनी त्याखाली लाल रेघ मारून ‘कल्पनाविलास पुरे’ असा शेरा दिला. आईने तो वाचला आणि बाईंना एका शनिवारी थेट आपल्या कामावर घेऊन गेली. बाई साडी घोट्याच्या वर धरून कुलाब्याच्या किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. आईने बटण दाबलं, लाट आली, आणि बाईंची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. नंतर वर्षभर मला निबंधात पैकीच्या पैकी मार्क होते, मी काहीही लिहिलं तरी.

आई स्थापत्य अभियंता. परळ-दादरच्या मधे एका कॉलेजच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक मोठी शेड आहे, तिथे तिची उभी हयात गेली. बंदर, खाडी, धक्का, काहीही बांधायचं असलं की आधी ती जागा साठपट लहान करून त्या शेडमध्ये सिमेंटची बांधायची. पाणी सोडायचं, एका टोकाला मोटरवर हलणारी लांबलचक फळी लावायची, फळी लाटा ढकलते. मग खाली पसरलेली वाळू कुठून कुठे जाते ते बघायचं. वाळू मात्र खरी चालत नाही. लाटा लहान झाल्या तरी वाळूचा कण तेवढाच राहतो आणि या बारक्या लाटांना तो हलत नाही. म्हणून हलकं काहीतरी लागतं, आणि आई त्यासाठी अक्रोडाच्या टरफलांचा चुरा वापरायची. पोतीच्या पोती यायची. बाबा दिवाळीत फराळाच्या ताटाकडे बघून म्हणायचे, “आमच्याकडे अक्रोड समुद्र खातो.”

नायगावच्या ज्या चाळीत आई वाढली तिथे तिचा अभिमान सगळ्यांना होता, पण ती नक्की काय करते हे सांगताना सगळ्यांची पंचाईत व्हायची. चाळीतली पहिली इंजिनियर मुलगी. चौदा एप्रिलला स्टेजवर बोलावून सत्कार, गळ्यात हार, आणि सूत्रसंचालक म्हणणार, “आपल्या ताई... पाण्याच्या मोठ्या... पाण्यात मोठ्या आहेत.” एका म्हाताऱ्या शेजारणीने तर तिला स्पष्टच विचारलं होतं, एवढं शिकून शेवटी वाळूतच खेळायचं होतं तर चौपाटी काय वाईट होती? आई हसली नव्हती. कामाच्या बाबतीत आईला विनोद कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी फोटो काढते. लग्नांचे. दादर, लालबाग, गिरगाव या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत ज्यांची लग्नं झाली त्यातल्या बऱ्याच जणांच्या भिंतीवर माझं काम आहे. आईने माझ्या धंद्याला कधी नावं ठेवली नाहीत, पण एकदा एक अल्बम चाळता चाळता ती म्हणाली होती, “तुझ्या फोटोत सगळेच सुंदर दिसतात. म्हणजे कुठेतरी गडबड आहे.” मला ते लागलं होतं. कारण गडबड होतीच, आणि त्याच गडबडीवर माझं घर चालतं.

तर अशा आईने एका रविवारी सकाळी, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता, मला विचारलं, “माझ्या मॉडेलचे फोटो काढशील का?”

मी आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. आईने विनंती केल्याचं आम्हा दोघांनाही आठवत नव्हतं.

प्रकरण असं होतं. कफ परेडच्या मच्छीमार नगरात होड्या लागतात तिथे लाटा अडवायला एक भिंत बांधायचं घाटत होतं. एका सल्लागाराने सरळ भिंत सुचवली होती. आईने शेडमध्ये ती सरळ भिंत बांधून पाहिली तर काय, आतली सगळी जागा गाळाने भरायची. लाटा अडायच्या, आणि होड्याही. मग तिने महिनोन्‌महिने घालवून एक वाकडी भिंत शोधली, मधे फट ठेवलेली. त्या फटीतून पाणी खेळतं आणि गाळ बराचसा बाहेर जातो. आता मच्छीमारांची सोसायटी सभा घेऊन ठरवणार होती की होकार कुठल्या भिंतीला द्यायचा. त्यांनी ‘सरळ’ म्हटलं तर सरळच बांधली जाणार. एकदा समुद्रात दगड पडले की ते कोणी उचलत नाही. आई त्या वर्षी निवृत्त होणार होती. हे तिचं शेवटचं मॉडेल.

“मग तू जाऊन समजाव ना त्यांना,” मी म्हटलं.

“गेले होते,” आई म्हणाली आणि पोहे खाऊ लागली.

बाकीचं मला बाबांनी सांगितलं. आईने मोबाइलवर मॉडेलचा व्हिडिओ काढून नेला होता. आता मॉडेलमध्ये समुद्र लहान झाला की वेळही लहान होते. खऱ्या समुद्रात सावकाश येणारी लाट शेडमध्ये टुकटुक धावत येते. सोसायटीच्या हॉलमध्ये पडद्यावर त्या लाटा सुरू झाल्या आणि मागून कोणी तरी म्हणालं, “बाय, ही तर माजी सून टोप विसळते तशी दिसतंय.” हॉलमध्ये हशा पिकला. सल्लागाराने नेलेली चित्रं मात्र कॉम्प्युटरवर रंगवलेली, निळंशार पाणी, पांढरे पक्षी, भिंतीवर हातात हात घालून फिरणारं एक गोरं जोडपं. कोळणींच्या धक्क्यावर हे जोडपं काय करत होतं देव जाणे. पण चित्र देखणं होतं. आई घरी आली, चप्पल काढली आणि भांडी घासायला बसली. कामवाली बाई ती सकाळीच घासून गेली होती.

मला राग आला. आईवर हसायचा हक्क आमच्या घराचा आहे.

पहिल्या दिवशी मी शेडमध्ये सगळा लवाजमा घेऊन गेले. माझा अंदाज सोपा होता. समोरच्याचं चित्र निळं आहे, तर आपलं जास्त निळं पाहिजे. आईचं मोजमापांचं काम संपलं होतं, त्यामुळे पाण्याला हात लावायची परवानगी मिळाली. मी किराणाच्या दुकानातून कपड्यांना घालायची नीळ आणली आणि ओतली. एका कोपऱ्यात नारिंगी दिवा लावून सूर्यास्त केला. लेन्स अशी लावली की भिंत तेवढी स्पष्ट आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. लग्नात याला गिऱ्हाईक जीव टाकतं. मागचे मामा, काका, रिकाम्या खुर्च्या, सगळं धूसर होऊन जातं आणि नवरा-नवरी जगात दोघंच उरतात.

आईने लॅपटॉपवर फोटो पाहिला.

“लग्न कुणाचं आहे?” तिने विचारलं.

“आई, मूड बघ ना.”

“हा समुद्र मुंबईचा नाही. आणि खेळणं दिसतंय. मागचं पुसट केलंस ना, म्हणून. समुद्रावर उभं राहून कधी मागचं पुसट दिसतं का तुला? लांबची बोटही स्पष्ट दिसते. पुसट दिसलं की डोळ्याला कळतं, वस्तू हातभर अंतरावर आहे.”

ती बरोबर होती. माझं धंद्यातलं शहाणपण बॅगेत घातलं. आम्ही दोघींनी मिळून निळा समुद्र उपसला. माझी नखं पुढचे कित्येक दिवस निळी होती, आणि त्याच आठवड्यात एका साखरपुड्यात मुलाच्या आईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, डॉक्टरला दाखवलंस का.

मग कामाला खरी सुरुवात झाली. मी मच्छीमार नगरात जाऊन उभी राहिले आणि पाणी बघितलं. राखाडी, तपकिरी, मधेच हिरवट. बिनदुधाचा चहा जरा जुना झाला की होतो तसा रंग. मी परत येऊन कॉलेजच्या कॅन्टीनवाल्याला सांगितलं, चहा हवाय, दूध नको, साखर नको, पिंपभर. त्याने विचारलं, “सगळे डायबिटीसवाले येणारेत का?” चहा आला, समुद्रात गेला, आणि शेडला दोन दिवस असा वास सुटला की प्राचार्यसुद्धा डोकावून गेले.

होड्याही पाहिजे होत्या. आईच्या मॉडेलमध्ये होड्या म्हणजे लाकडाचे साधे तुकडे, वजन बरोबर, बाकी काही नाही. मी धक्क्यावरच्या खऱ्या होड्यांचे फोटो काढले आणि त्याप्रमाणे एकेक तुकडा रंगवला. पिवळ्या पट्ट्याची, हिरव्या नाकाची, लाल-निळी, एकीवर तीन झेंडे. आईने प्रत्येक होडी आपल्या वहीतल्या नकाशाप्रमाणे जिथे ती खरोखर लागते तिथेच ठेवायला लावली. बाबाही कामाला लागले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून कुणीतरी आपल्याला काम सांगेल याची ते वाटच बघत होते. त्यांनी काड्यापेटीच्या काड्यांच्या दांड्या उभ्या केल्या आणि त्यावर शेवयांचे तुकडे टांगले. वाळत घातलेले बोंबील. मी लेन्समधून पाहिलं आणि खरोखर तोंडाला पाणी सुटलं.

मुंग्यांच्याही सुटलं. साठपट लहान दुनियेत मुंगी मांजराएवढी दिसते. दुसऱ्या दिवशी मच्छीमार नगराच्या किनाऱ्यावर मांजराएवढ्या मुंग्यांची रांग बोंबील घेऊन निघाली होती. आईने कमरेवर हात ठेवून म्हटलं, “हे तुझ्या बाबांचं इंजिनियरिंग.”

दिवे वाढवले, लेन्सचं छिद्र बारीक केलं, म्हणजे जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट. कॅमेरा जवळजवळ पाण्याला टेकवला. साठपट लहान जगातला माणूस इंचभर उंचीचा, तर डोळा तिथेच हवा. मी चहाच्या समुद्रात पोटावर पडले होते. आई फळीच्या बटणापाशी उभी. “आता,” मी म्हणायचे आणि ती लाट सोडायची. एक लाट कॅमेऱ्यावर, एक माझ्या नाकात. थेंब मोठे दिसले की सगळा खेळ खलास, कारण लाट लहान होते पण थेंब लहान व्हायला तयार नसतो. त्यामुळे लाट फुटायच्या बरोबर आधीचा क्षण पकडायचा. किती लाटा वाया गेल्या याचा हिशेब नाही. आधी सरळ भिंतीचे फोटो, मग ती काढून वाकडी बसवून, परत गाळ बसेपर्यंत समुद्र चालवून, तिचे.

वाकड्या भिंतीत एक उणं होतं. आतल्या एका कोपऱ्यात थोडा गाळ साठायचाच. पोळीएवढा ढीग, आणि त्यावर एक होडी जराशी कलंडलेली. आईने तो कोपरा हटवायला जंग जंग पछाडलं होतं, जमलं नव्हतं. “राहू दे,” ती म्हणाली. “तेवढा कोपरा दरवर्षी उपसावा लागेल. तसं सांगणार आहे मी.”

फोटो लॅपटॉपवर उघडले तेव्हा आईने चष्मा पुसला. सरळ भिंतीच्या फोटोत होड्या चिखलात मेलेल्या माशांसारख्या आडव्या पडल्या होत्या. वाकड्या भिंतीच्या फोटोत त्या पाण्यावर उभ्या होत्या. आकाश सोडलं तर सगळं खरं वाटत होतं, आणि आकाश मी खऱ्या पांढऱ्या चादरीचं केलं होतं. “हं,” आई म्हणाली. माझ्या आईचं ‘हं’ म्हणजे काय ते तिच्या विद्यार्थ्यांना विचारा. मी तर त्या रात्री श्रीखंड खाल्लं.

दुपारच्या उन्हात हॉलमध्ये पडदा नीट दिसत नाही हे व्हिडिओच्या वेळी कळलं होतं, म्हणून मोठे प्रिंट काढून बोर्डावर चिकटवायचे ठरले. गिरगावात, खोताच्या वाडीच्या तोंडाशी, माझा नेहमीचा अल्बमवाला आहे. माणूस कामाला चोख, पण त्याला एक खोड आहे. चेहऱ्यावरचा डाग त्याला बघवत नाही. तीळ, पुटकुळी, डोळ्याखालची काळी वर्तुळं, सगळं न विचारता साफ करतो, आणि त्याचे पैसेही लावत नाही. एकदा त्याने नवरीच्या आजीच्या कपाळावरचं गोंदण पुसलं होतं. आजींनी अल्बम उघडला आणि ही बाई कोण म्हणून विचारलं. मला दोन्हीकडून बोलणी बसली होती. तरीही मी त्याच्याकडेच गेले, आणि वर स्वतःहून सांगून आले, “दुसऱ्या फोटोत खाली उजवीकडे एक मुंगी आलीय, तेवढी काढ.”

“काढतो ताई,” तो म्हणाला. “निर्धास्त जा.”

प्रिंट सभेच्या दिवशीच मिळाले, कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून. मी ते तसेच टॅक्सीत घातले. इथे एक मिनिट थांबून कागद फाडला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

हॉल भरला होता. खिडक्यांतून सुक्या मासळीचा वास आणि ऊन आत येत होतं. पुढच्या रांगेत सोसायटीच्या एक जुन्या सभासद बसल्या होत्या, नाकात मोठी नथ, हातात ताडाचा पंखा. सगळे त्यांना मावशी म्हणत. टोप विसळायची उपमा त्यांचीच, हे मला बाबांनी आधी सांगून ठेवलं होतं. त्यांचा हात जिकडे वर जाईल तिकडे निम्मा हॉल जातो, हेही.

मी सरळ भिंतीचा बोर्ड उभा केला, वरचा कागद काढला, आणि गोंधळ सुरू झाला.

“ती माजी होडी हाय,” एक जण उठून म्हणाला. “तिला कोणी रुतवली?”

“माजी पन आडवी झालंय.”

“काल तर बरी होती. हा फोटू कदी काढला?”

एक तरुण मुलगा तर हॉलच्या दारात जाऊन समुद्राकडे बघून आला, होडी जागेवर आहे ना म्हणून. मी सांगत होते की हे मॉडेल आहे, होड्या बोटाएवढ्या आहेत, पाणी चहाचं आहे. चहाचं ऐकून जास्तच गोंधळ झाला. आपण होड्या हुबेहूब रंगवल्या म्हणजे शहाणपणा केला असं मला वाटत होतं, पण आता प्रत्येक जण स्वतःच्याच होडीवरून माझ्याशी भांडत होता आणि भिंतीकडे कुणी बघतच नव्हतं. आई शांतपणे उभी होती. आवाज ओसरल्यावर तिने सांगितलं, ही सरळ भिंत बांधली तर दोन-चार पावसाळ्यांनंतर हे असं दिसेल. आता टोपाचं नाव कुणी काढलं नाही.

मी दुसरा बोर्ड लावला. वाकडी भिंत, होड्या पाण्यावर, बोंबील वाळताहेत. मुंगी गेली होती. मावशी उठल्या, जवळ आल्या, पंखा उलटा धरला आणि त्याच्या दांडीने कोपऱ्यातल्या हिरव्या नाकाच्या होडीवर टकटक केलं.

“ही माजी,” त्या म्हणाल्या. “झ्याक हुबी हाय. हीच भिंत बांधा.”

मागे माना हलल्या. अध्यक्ष हात वर करायला सांगणार एवढ्यात मी त्या होडीकडे नीट पाहिलं. होडी सरळ उभी होती. तिच्याखालचा गाळ नव्हता. पोळीएवढा ढीग साफ, त्या जागी चहाचं गुळगुळीत पाणी. अल्बमवाल्याला डाग दिसला होता आणि त्याने तो काढला होता. कललेली होडीही सरळ करून दिली होती, लग्नात कुणाची मान वाकडी आली तर करतो तशी. नंतर मी त्याला फोनवर फैलावर घेतलं तेव्हा तो म्हणाला, पहिल्या फोटोत सगळाच चिखल होता म्हणून तो डाग वाटला नाही, ताई. दुसऱ्यात एवढासाच होता.

आई चष्मा चढवून बोर्डाच्या दिशेने निघाली होती. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी एकच वाटलं, आई, गप्प बस. सगळे तुझ्या बाजूचे आहेत. हात वर जाऊ देत, मग घरी जाऊन माझा जीव घे. कोपऱ्यातल्या गाळाचं पुढच्या सभेत सांग, पत्रात लिही, काहीही कर.

“थांबा,” आई म्हणाली. “हा फोटो खोटा आहे.”

अध्यक्षांचा हात अर्ध्यावर राहिला.

तिने टेबलावरचा जाड काळा मार्कर घेतला आणि माझ्या फोटोवर, ज्यासाठी मी पोटावर पडून चहा प्याले होते त्या फोटोवर, कोपऱ्यात एक ओबडधोबड वर्तुळ काढलं आणि ते गिरवून भरलं. मग होडीवर तिरकी रेघ मारली. “इथे गाळ साठतो. ही होडी अशी कलते. मी पुष्कळ प्रयत्न केले, हा कोपरा मला सुटला नाही. दरवर्षी उपसावा लागेल.” मग मावशींकडे वळून म्हणाली, “जागा तुमची आहे. तुम्ही हात वर करायच्या आधी तुम्हाला हे माहीत पाहिजे.”

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “मंग हितला चिखल कोनी पुसला?”

मी सांगितलं. गिरगाव, अल्बम, पुटकुळ्या, आजीचं गोंदण, मुंगी, सगळं. आधी कुणी तरी खुदकन हसलं, मग सगळा हॉल. मागच्या बाजूला कोणी तरी विचारत होतं, त्याचा नंबर दे, माज्या पोरीचं लगीन हाय.

मावशी मात्र हसल्या नव्हत्या. सल्लागाराचं निळं चित्र अजून भिंतीला टांगलेलं होतं, पक्षी आणि गोऱ्या जोडप्यासकट. त्या तिथे गेल्या, चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पंख्याने त्यावर टकटक केलं.

“आनि हितला कोनी पुसला?”

मावशी परत येऊन खुर्चीत बसल्या, पदर सावरला आणि हात वर केला. “माजी होडी मी दुसरीकडं लावीन. वाकडी बांधा.”

आईने मार्करला टोपण लावलं. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्या दिवशी मला आईचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता, आणि हे मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, “आधी तो बोर्ड नीट धर, पडतोय.”

पंधरवड्यात शेडमधलं मॉडेल फोडलं. तसंच करतात, पुढच्याला जागा लागते. मी अल्बमवाल्याच्या डोक्यावर बसून मूळ फोटोचा नवा प्रिंट काढून घेतला, गाळासकट, कललेल्या होडीसकट, आणि मी सांगितलं म्हणून मुंगीसकटही. चांगल्या फ्रेममध्ये घालून मच्छीमार नगरात घेऊन गेले. सोसायटीच्या ऑफिसात तो जुना बोर्ड आधीच भिंतीवर ठोकलेला होता, आईच्या काळ्या ठिपक्यासकट. मावशी खालीच बोंबील उलटत होत्या. मी म्हटलं, तो खोटा काढा, हा खरा आणलाय, यात गाळ आहे.

त्यांनी हात पुसले, माझी फ्रेम उन्हात धरून पाहिली. “ब्येस हाय गो,” त्या म्हणाल्या. “पन राहू दे. ह्यात चिखल हाय, पन तुज्या आयनं दाखवलेला नाय.”

मी फ्रेम बगलेत मारून टॅक्सी शोधायला निघाले. माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो होता तो, आणि तो त्यांना नको होता. घरी आल्यावर आईला सांगितलं. ती डाळ निवडत होती. तिने एक खडा उचलून बाजूला टाकला.

“हं,” ती म्हणाली.